डॉसवरचं वायरकट मशीन सुरू होतानाच अडकतंय? रॅम बदलण्याआधी हे तपासा

तुमच्या प्रश्नातली हकीकत आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी काही चुकीचं समजलो असेन तर लगेच लक्षात येईल. भोसरीतल्या शॉपमध्ये वायरकट मशीन (तारेच्या ठिणग्यांनी धातू कापणारं) चालवणारा जुना ४८६ संगणक आहे, त्यावर डॉस ६.२२ ही मायक्रोसॉफ्टची जुनी ऑपरेटिंग सिस्टिम. फ्लॉपीवरून प्रोग्रॅम न्यायचा कंटाळा आला म्हणून ओळखीच्या एकाने जुन्या बाजारातलं नेटवर्क कार्ड बसवून दिलं. मग मशीनचं सॉफ्टवेअर मेमरी पुरत नाही म्हणायला लागलं, तेव्हा त्यानेच मेममेकर, म्हणजे डॉससोबत येणारा मेमरीची मांडणी आपोआप करणारा प्रोग्रॅम, चालवून दिला. तेव्हापासून संगणक सुरू होताना मध्येच थांबतो आणि ईएमएम३८६ या मेमरी सांभाळणाऱ्या ड्रायव्हरला एरर नंबर ०६ सापडल्याचा संदेश येतो. एंटर दाबून पुन्हा सुरू केलं की बऱ्याचदा चालतो. गुरुवारच्या सुट्टीनंतर शुक्रवारी सकाळी मात्र हमखास अडकतो. रॅम बदलावी की मदरबोर्डच शोधावा, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही नको, निदान आत्ता तरी. रॅम खराब असती तर बिघाड कार्ड आणि मेममेकरचा मुहूर्त बघून सुरू झाला नसता. शिवाय डॉस ६.२२ मधलं हायमेम.सिस (१ एमबीच्या वरची मेमरी सांभाळणारा ड्रायव्हर) सुरू होताना ती मेमरी तपासतं, आणि तिथे गडबड दिसली तर मेमरी भरवशाची नाही असं स्पष्ट सांगतं. ही तपासणी वरवरची असते, तिच्यातून सुटणारे दोषही असतात. पण तुमच्याकडे ती दर वेळी पार पडते आणि गाडी त्यापुढे अडते. म्हणजे मेमरी कमी पडतेय किंवा खराब आहे असं धरण्यापेक्षा, मेमरीच्या एकाच पत्त्यावर दोघांनी हक्क सांगितलाय असं मी धरीन.

हे कसं होतं ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागणार नाहीत. डॉसला प्रोग्रॅम चालवायला पहिले ६४० केबी मिळतात. ६४० केबीपासून १ एमबीपर्यंतचा ३८४ केबीचा पट्टा हार्डवेअरसाठी राखीव. त्यातले पत्ते हेक्समध्ये, म्हणजे ० ते ९ आणि ए ते एफ अशा सोळा अंकांत, लिहितात: ए००० ते बीएफएफएफपर्यंत डिस्प्ले कार्ड, सी००० ते सी७एफएफ बहुतेक व्हीजीए कार्डांचं बायोस (रॉम चिपमध्ये कोरलेला सुरुवातीचा प्रोग्रॅम), अगदी वर एफ००० पासून संगणकाचं स्वतःचं बायोस. मधल्या सी८०० ते ईएफएफएफ भागात जोडकार्डं बसतात आणि त्यातला बराचसा मोकळा असतो. ईएमएम३८६ सुरू होताना हा पट्टा चाळतं, मोकळ्या दिसलेल्या जागांवर एक्स्टेंडेड, म्हणजे १ एमबीच्या वरच्या, मेमरीचे तुकडे बसवतं, आणि माऊससारखे ड्रायव्हर तिकडे हलवता येतात. त्यामुळे खालचे ६४० केबी मोकळे राहतात. कल्पना झकास आहे. घोळ आहे तो ‘मोकळ्या दिसलेल्या’ या शब्दांत.

एसटीत सीटवर रुमाल टाकलेला असला की ती धरलेली आहे हे सगळ्यांना कळतं. ज्या कार्डावर रॉम असते तिचा रुमाल म्हणजे तिच्या सुरुवातीची ठरलेली खूण, ती ईएमएम३८६ ओळखतं आणि बाजूला होतं. पण काही नेटवर्क कार्डांवर रॉम नसते, नुसती ८ किंवा १६ केबी रॅमची खिडकी असते, आणि तिचा ड्रायव्हर लोड होईपर्यंत ती खिडकी बंद असते. सुरू होताना डॉस आधी कॉन्फिग.सिस आणि मग ऑटोएक्झेक.बॅट या सेटिंगच्या फाइल्स वाचतं. ईएमएम३८६ लोड होतं कॉन्फिग.सिसमध्ये, नेटवर्कचा ड्रायव्हर बहुतेक वेळा येतो त्यानंतर, ऑटोएक्झेक.बॅटमधून. म्हणजे प्रवासी चहाला गेलेला, रुमाल नाही, आणि सीटवर दुसराच बसला.

मग ड्रायव्हर येतो आणि आपल्या खिडकीत लिहू लागतो. पण त्या पत्त्यामागे आता कार्ड नाही, ईएमएम३८६ ने बसवलेली मेमरी आहे आणि तिच्यात समजा माऊस ड्रायव्हर जाऊन बसलाय. नेटवर्कवर पाठवायचं पाकीट माऊस ड्रायव्हरच्या कोडवर लिहिलं जातं. पुढच्या वेळी माऊसचा कोड चालवायला जावं तर प्रोसेसरला तिथे आज्ञा सापडत नाही, कचरा सापडतो. एरर नंबर ०६ म्हणजे नेमकं हेच: अशी आज्ञा मला ठाऊक नाही. १३ किंवा १२ नंबरही याच घरातले. मूळ बहुतेकदा तेच असतं, फक्त कचरा कुठल्या प्रकारचा निघाला यावर नंबर ठरतो.

त्या संदेशात नंबरच्या पुढे पत्ता दिलेला असतो, अपूर्णविराम मध्ये घातलेले चार-चार अक्षरांचे दोन गट. मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा. पहिला गट सी, डी किंवा ई ने सुरू होत असेल तर वरच्या पट्ट्यात हलवलेलंच काहीतरी कोसळलंय, आणि माझ्या तर्काला मोठा आधार मिळतो. आकड्याने सुरू होत असेल तर तर्क खोटा ठरत नाही, नुसता पुरावा मिळत नाही.

आता ज्या गोष्टी मला इथून दिसत नाहीत त्या. तुमचं कार्ड कुठल्या जातीचं आहे? एनई२००० जातीचं असेल तर ते मेमरीची खिडकी वापरतच नाही, फक्त आय-ओ पोर्टमधून, म्हणजे मेमरीपासून वेगळ्या पत्त्यांवरून, बोलतं. मग संशय त्यावरच्या बूट रॉमच्या सॉकेटवर किंवा दुसऱ्याच कार्डावर जाईल. वेस्टर्न डिजिटलचं डब्ल्यूडी८००३ किंवा ८०१३, किंवा पुढे एसएमसीच्या नावाने आलेली तीच मालिका असेल, तर खिडकी आहे आणि मूळ सेटिंग बहुधा डी००० ला आहे. दुसरं, मशीनच्या सॉफ्टवेअरला ईएमएस, म्हणजे एक्स्पांडेड मेमरी (वरच्या पट्ट्यातल्या एका चौकटीतून तुकड्या-तुकड्याने दिसणारी), लागते का? मॅन्युअलमध्ये बघा. तिसरी गोष्ट लोक हमखास विसरतात: मशीनचं स्वतःचं कंट्रोल कार्डही अशी खिडकी वापरत असू शकतं. मेममेकरच्या आधी ईएमएम३८६ नव्हतंच, त्यामुळे तेव्हा भांडणाचा प्रश्नच नव्हता. कंट्रोल कार्डाच्या खिडकीवर दुसरं काही बसलं तर नुसता संगणक अडकून भागत नाही, टेबल भलतीकडे जाऊ शकतं. म्हणून पुढचं सगळं सर्व्होची (टेबल हलवणाऱ्या मोटरची) आणि जनरेटरची (ठिणगीला वीज देणाऱ्या युनिटची) पॉवर बंद ठेवून करा.

सुरुवात नकलांपासून. कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट या दोन्हींची प्रत सिस्टिम फ्लॉपीवर घ्या, बायोस सेटअपमधली हार्ड डिस्कची सिलिंडर, हेड, सेक्टरची माहिती कागदावर लिहून कॅबिनेटच्या आत चिकटवा. इतक्या जुन्या डिस्कची पूर्ण प्रत काढून घेता आली तर आधी तेच करा, बाकी सगळं नंतर.

मग संगणक सुरू करा आणि ‘स्टार्टिंग एमएस-डॉस’ ही ओळ दिसताच एफ५ दाबा. दोन्ही फाइल्स पूर्ण वगळल्या जातात. असं केल्यावरही अडकलं तर माझं इथवरचं सगळं बाजूला ठेवा आणि हार्डवेअरच्या मागे लागा. नाही अडकलं तर पुन्हा सुरू करून त्याच जागी एफ८ दाबा. आता डॉस प्रत्येक ओळ विचारत जाईल. फक्त ईएमएम३८६ च्या ओळीला ‘नाही’ म्हणा, बाकी सगळ्यांना ‘हो’. ही एकच चाचणी केली तरी निम्मं काम होतं. ईएमएम३८६ नसताना नेटवर्क नीट चढलं आणि अडकलं नाही, तर रॅम आणि मदरबोर्ड दोघेही निर्दोष धरायला हरकत नाही.

इथे मी एक प्रश्न विचारतो आणि बरेच जण तो टाळतात: तुम्हाला ईएमएम३८६ हवंच कशाला? हायमेम.सिसची ओळ आणि तिच्याखाली ‘डॉस=हाय’ एवढं असलं तरी डॉसचा मोठा भाग १ एमबीच्या लगेच वरच्या ६४ केबीत जातो, त्याला ईएमएम३८६ लागत नाही. माऊस आणि नेटवर्क न चढवता अशा साध्या मांडणीत खाली ६०० केबीच्या आसपास मोकळे मिळतात. ‘मेम /सी /पी’ टाइप करा आणि सगळ्यात मोठा किती आकाराचा प्रोग्रॅम चालेल असं सांगणारी शेवटाकडची ओळ वाचा. तो आकडा मॅन्युअलमधल्या गरजेपेक्षा मोठा असेल आणि ईएमएस लागत नसेल, तर ईएमएम३८६ काढून टाका. (आज्ञा मी देवनागरीत लिहितोय, मशीनवर अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायच्या.)

काढून टाका म्हणण्यामागे आणखी एक कारण आहे. ईएमएम३८६ चढलं की प्रोसेसर आभासी ८०८६ मोडमध्ये जातो आणि प्रत्येक इंटरप्ट (हार्डवेअरने प्रोसेसरला मारलेली हाक) त्याच्या हातून जायला लागतो. लेखापालाच्या संगणकाला त्याने फरक पडत नाही. संगणकच पॅरलल पोर्टमधून मोटरचे पल्स काढत असेल तर पडतो. तुमच्या कंट्रोल कार्डावर स्वतंत्र प्रोसेसर असेल तर इथेही चिंता कमी. पण रात्रभर चालणाऱ्या जॉबच्या वेळी मला अधली-मधली माणसं नकोच असतात, ना ईएमएम३८६, ना नेटवर्क.

म्हणून तुमच्यासारख्या ठिकाणी मी सुरुवातीचा मेनू करून देतो. डॉस ६ पासून कॉन्फिग.सिसमध्ये ही सोय आहे. फाइलीच्या वर चौकोनी कंसात ‘मेनू’, त्याखाली ‘मेनूआयटम’च्या दोन ओळी: एक मशीन, एक नेटवर्क. मग ‘मेनूडिफॉल्ट’मध्ये मशीन आणि १० सेकंद. खाली त्याच दोन नावांचे वेगळे भाग. मशीनच्या भागात हायमेम आणि कंट्रोल कार्डाला लागेल तेवढंच. नेटवर्कच्या भागात बाकीचं. ऑटोएक्झेक.बॅटमध्ये ‘गोटू %कॉन्फिग%’ लिहून तेच दोन फाटे करा. सकाळी ऑपरेटर नेटवर्क निवडून प्रोग्रॅम उतरवून घेईल, पुन्हा सुरू करेल, आणि काही न दाबता मशीन आपोआप साध्या मांडणीत उठेल. काम दोन मिनिटांनी वाढतं, पण वायर तुटण्याचं खापर संगणकावर फुटत नाही. मेमरी पुरत नाही ही मूळ तक्रारसुद्धा नेटवर्कच्या ड्रायव्हरांमुळेच आली होती, तीही इथेच मिटते.

आता समजा ईएमएस लागतेच, किंवा नेटवर्क आणि मशीन एकत्र हवंच आहे. तर आधी मेममेकरने केलेलं उलटवा: ‘मेममेकर /अनडू’. त्याने जुन्या फाइल्स .यूएमबी शेपटीने जपून ठेवलेल्या असतात, त्या परत येतात. मधल्या काळात तुम्ही हाताने बदल केले असतील तर ते जातील, म्हणून वरच्या नकला. मग ईएमएम३८६ ची ओळ स्वतः लिहा आणि तिच्यात ‘नोईएमएस एक्स=ए०००-एफ७एफएफ’ असं टाका. याचा अर्थ सगळा पट्टा वर्ज्य, कुठेही बसू नको. आत्ता ईएमएस मिळणार नाही, मेमरीही कमी पडेल, मशीनचं सॉफ्टवेअर कदाचित उघडणार नाही, पडू द्या. बघायचं एवढंच की संगणक कोसळायचा थांबला का. थांबला तर पत्त्यांचं भांडण सिद्ध झालं. मग वर्ज्य भाग अर्धा-अर्धा करत आणा. पहिल्यांदा फक्त सी८००-डीएफएफएफ वर्ज्य ठेवा, टिकलं तर फक्त डी०००-डीएफएफएफ, टिकलं तर डी०००-डी७एफएफ. प्रत्येक वेळी पॉवर बंद करून थंड सुरुवात करा, ते का ते पुढे सांगतो.

सगळा पट्टा वर्ज्य करूनही अडकत असेल तर त्याच ओळीत ‘नोटीआर’ घालून बघा. डॉस ६ चं ईएमएम३८६ सुरू होताना टोकन रिंग या जुन्या नेटवर्क पद्धतीचं कार्ड आहे का ते शोधतं, आणि तसं कार्ड नसलेले काही संगणक त्या शोधातच गोठतात. हा एक शब्द तो शोध बंद करतो.

कार्डाचा पत्ता माहीत असेल तर अर्ध्या-अर्ध्याचा खेळ लागत नाही. नेट.सीएफजी ही नेटवर्क ड्रायव्हरच्या सेटिंगची फाइल उघडा, तिथे ‘मेम’ पुढे पत्ता असतो. इथे एक सापळा आहे. नेट.सीएफजीमध्ये पत्ता पाच अक्षरी लिहितात, डी००००. ईएमएम३८६ ला चार अक्षरी लागतो, शेवटचं शून्य गाळून, डी०००. आणि लांबी मोजताना चार अक्षरी पद्धतीत ४ केबी म्हणजे १००, हेक्समध्ये. म्हणून ८ केबीची खिडकी डी०००-डी१एफएफ, १६ केबीची डी०००-डी३एफएफ. ८०१३ ला ८ केबी धरून निम्मीच खिडकी वर्ज्य केलेली मी पाहिली आहे. मग संगणक उठतो व्यवस्थित, आणि मोठी फाइल उतरवताना कोसळतो. शंका असेल तर १६ केबी वर्ज्य करा, ८ केबी वाया गेल्याने कुणाचं काही अडत नाही.

ईएमएस हवी असेल तर ६४ केबीची सलग चौकट याच पट्ट्यात लागते, आणि डी००० ला मधोमध बसलेलं कार्ड पट्ट्याचे दोन तुकडे करतं. अशा वेळी कार्डाच्या सेटअप प्रोग्रॅमने किंवा जंपरने त्याला सी८०० ला, व्हीजीए बायोसला खेटून, हलवा. नेट.सीएफजीमध्ये तो पत्ता बदला, ईएमएम३८६ मध्ये सी८००-सीबीएफएफ वर्ज्य करा, आणि ‘नोईएमएस’ काढून टाका. स्कझी कार्ड (डिस्क वगैरे जोडण्याचं) असेल तर त्याचं बायोस त्या भागात नाही ना, ते आधी बघा. एमएसडी नावाचा प्रोग्रॅम डॉससोबतच येतो, त्यात पट्ट्याचा नकाशा दिसतो. पण तो एफ५ दाबून, ईएमएम३८६ शिवाय सुरू झालेल्या संगणकावर बघा, नाहीतर नकाशाही ईएमएम३८६ च्या चष्म्यातून दिसतो.

मेममेकर पुन्हा चालवायचाच असेल तर ‘कस्टम’ निवडा. वरचा पट्टा आक्रमकपणे शोधू का, याला ‘नाही’. मोनोक्रोमचा बी०००-बी७एफएफ भाग वापरू का, यालाही ‘नाही’. पहिल्याचं उत्तर न बदलता पुढे गेलं की तो ईएमएम३८६ च्या ओळीत ‘हायस्कॅन’ टाकतो, आणि मोकळ्या नसलेल्या जागा मोकळ्या ठरवण्याची त्याची खोड मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या मदतफाइलीतच लिहिलेली आहे. तुमच्या ओळीत आत्ता तो शब्द असेल अशी माझी जवळजवळ खात्री आहे.

आता शुक्रवारचं कोडं. यात दोन कारणं एकत्र असू शकतात. पॉवर बंद करून सुरू केलं की कार्डाची खिडकी बंद असते, ईएमएम३८६ ला जागा मोकळी दिसते. अडकल्यावर एंटर दाबून पुन्हा सुरू केलं तर बऱ्याच बोर्डांवर कार्ड पूर्ण रीसेट होत नाही, ड्रायव्हरने उघडलेली खिडकी उघडीच राहते. या वेळी तिथे कोणीतरी आहे हे दिसतं आणि ईएमएम३८६ बाजूला होतं. म्हणून दुसऱ्या खेपेला चालतं. चाचण्या थंड सुरुवातीनेच करा म्हटलं ते यासाठी.

दुसरं कारण बोर्डावरची बॅटरी. बुधवारी रात्री बंद केलेला संगणक शुक्रवारी उघडला की ‘डेट’ टाइप करून तारीख बघा. १९८० दाखवत असेल तर बायोसची सेटिंग्ज उडालीत. ज्या बोर्डाला डिस्कचा प्रकार हाताने सांगावा लागतो तो मग डॉसपर्यंत पोचतच नाही. पण डिस्क आपोआप ओळखणारा बोर्ड मूळ सेटिंग्जवर निमूट उठतो, आणि त्यात सी८०० ते डीएफएफएफ भागाचं शॅडोइंग, म्हणजे रॉमची नक्कल रॅममध्ये ठेवून त्या पत्त्यांवर ती रॅमच दाखवणं, चालू असू शकतं. शॅडो चालू असलेल्या भागात कार्डाची रॅम बसली तर ईएमएम३८६ नसतानाही नेटवर्क बिघडतं. कार्ड आहे तिथलं शॅडो बंद हवं, फक्त व्हीजीए आणि सिस्टिम बायोसचं चालू राहू द्या. बॅटरी बोर्डाला झाळलेली निळी दंडगोल निकेल-कॅडमियमची असेल आणि तिच्या टोकांना हिरवट बुरशीसारखं दिसत असेल, तर बाकी सगळं सोडून ती आजच काढा. तो द्रव बोर्डाचे ट्रॅक खातो, आणि मग खरोखरच मदरबोर्ड शोधायची पाळी येईल.

दोन किरकोळ गोष्टी. कॉन्फिग.सिसमध्ये क्यूईएमएम किंवा ३८६मॅक्सची जुनी ओळ उरली असेल तर ती किंवा ईएमएम३८६ ची, दोन्हींतली एकच ठेवा; असे दोन मेमरी मॅनेजर एकत्र नांदत नाहीत. आणि त्याच संगणकावर विंडोज ३.१ असेल तर वर्ज्य भाग सिस्टिम.आयएनआयमध्ये ‘३८६ईएनएच’ या भागाखाली ‘ईएमएमएक्सक्लूड’ म्हणूनही लिहावा लागतो, कारण विंडोज सुरू होताना पट्टा स्वतः पुन्हा चाळतं.

एफ८ ची चाचणी झाली की तिचा निकाल कळवा. तरीही अडकत असेल तर दोन्ही फाइल्स जशाच्या तशा, नेट.सीएफजी, एरर संदेशाचा फोटो, आणि नेटवर्क कार्ड व कंट्रोल कार्ड दोन्हींवरच्या मोठ्या चिपचे नंबर द्या. कार्डांचा सरळ वरून काढलेला फोटो दिलात तर जंपर बघून पत्ता बहुधा इथूनच सांगता येईल.